चंद्रावर पाणी आहे म्हणतात, पण ‘लागलं’ का?

खडकवासी (धागाकर्ता), रात्री ९:४२

गेल्या रविवारी नातवाने पेपर वाचता वाचता जाहीर केलं, "आबा, चंद्रावर पाणी आहे. आता माणसं तिथे राहायला जाणार." मी विचारलं, "किती इंची लागलं?" पोरगं माझ्याकडे बघतच राहिलं.

शहरातल्या सभासदांसाठी खुलासा. आमच्याकडे बोअरचं पाणी लिटरात कोणी सांगत नाही. दीड इंची, दोन इंची, नशीब चांगलं असेल तर चार इंची. माझी तीस वर्षं भूजलाच्या कामात गेली, बहुतेक बुलढाणा-जालना पट्ट्यात. त्या तीस वर्षांत एक गोष्ट हाडात मुरली: ‘पाणी आहे’ आणि ‘पाणी लागलं’ ही दोन वेगळी वाक्यं आहेत आणि त्यांच्या मधल्या जागेत शेतकऱ्याचे लाखभर रुपये जातात.

पाणाडी तळहातावर नारळ आडवा धरून वावरात फिरतो. एका जागी नारळ उभा राहतो. पाणी आहे! मग आमच्यासारखे यंत्रवाले येतात, जमिनीत वीज सोडून रोध मोजतात, आलेख काढतात आणि म्हणतात, दीडशे फुटांवर ओलावा दिसतो. हेही ‘आहे’च. मग रात्री गाडी येते. मुरूम संपला की काळा पाषाण सुरू होतो आणि कॉम्प्रेसर असा फुफाटा उडवतो की शेजारची तूर पांढरी होते. घरची बाई पदर तोंडाला लावून लांब उभी असते. शंभर फूट, दोनशे फूट, फुफाटाच. कधीतरी भुकटी ओलसर येते, चिखल उडतो, सगळे ओरडतात. त्याला म्हणतात ‘लागलं’. नाहीतर पहाटे गाडी निघून जाते आणि भोकावर दगड ठेवतात, पोर पडू नये म्हणून.

आता चंद्राकडे बघू. आपल्या चंद्रयान-१ वर नासाचं एक वर्णपटमापक होतं. २००९ मध्ये त्याच्या नोंदींतून कळलं की चंद्राच्या मातीला पाण्याची किंवा हायड्रॉक्सिलची (एक ऑक्सिजन, एक हायड्रोजन, पाण्याचा भाऊबंद) खूण आहे. पण ती अगदी वरच्या पापुद्र्याची गोष्ट. त्याच वर्षी ९ ऑक्टोबरला नासाने दक्षिण ध्रुवाजवळच्या कॅबियस विवरात रॉकेटचा रिकामा टप्पा आपटला आणि उडालेला धुरळा मागून येणाऱ्या एलक्रॉस यानाने तपासला. त्या धुरळ्यात सुमारे १५५ किलो पाणी भरलं. मातीच्या वजनाच्या साडेपाच टक्क्यांच्या आसपास, चूकभूल तीन टक्के इकडेतिकडे. २०१८ मध्ये चंद्रयान-१ च्या जुन्या नोंदी पुन्हा चाळल्या तेव्हा ध्रुवांवरच्या कायम सावलीतल्या विवरांत पृष्ठभागावर बर्फ असल्याच्या खुणा मिळाल्या. पण जपानच्या कागुया यानाने त्याआधी, २००८ मध्ये, शॅकल्टन विवराच्या तळात डोकावून पाहिलं होतं, तिथे उघड्यावर पडलेला बर्फ काही दिसला नव्हता.

म्हणजे एके ठिकाणी पाच टक्के, दुसरीकडे ठणठणाट, तिसरीकडे फक्त खूण. हे वाचून मला एकदम घरी आल्यासारखं वाटलं. बेसॉल्टात, म्हणजे आमच्या काळ्या पाषाणात, असंच असतं. एका वावरात चार इंची, बांधापलीकडे धूळ.

आणि बोअर किती खोल गेलाय? चंद्रावर आजवर जास्तीत जास्त सुमारे ३ मीटर, तोही १९७२ मध्ये, अपोलो १७ च्या माणसांनी. त्याआधी अपोलो १५ च्या डेव्हिड स्कॉटला तीन मीटर जायचं होतं, यंत्र दीड मीटरच्या आसपास अडकलं. नमुन्याची नळी खाली गेली पण वर येईना, दोघांनी मिळून जोर लावला तेव्हा कुठे निघाली. चीनच्या चांग-ई ५ ला २०२० मध्ये दोन मीटर जायचं होतं, एक मीटरवर थांबावं लागलं. आणि यातला एकही बोअर ध्रुवावर, बर्फाच्या जागी नाही.

वाचणाऱ्याला वाटेल, तीन मीटर म्हणजे काय मोठंसं? आमची गाडी ते पाच मिनिटांत मारते. हो, पण आमच्या गाडीला हवा आहे. कॉम्प्रेसरची हवा खाली जाते आणि भुकटी वर घेऊन येते, बिटही थंड ठेवते. चंद्रावर हवा नाही, पाणी नाही. भुकटी मळसूत्राने वर ओढायची आणि बिट तापलं तर तापलं. शिवाय त्या मातीचे कण इतके काटेरी की एकमेकांत घट्ट रुतून बसतात.

थोडक्यात, चंद्रावरचं पाणी अजून पाणाड्याच्या हातातल्या नारळावर आहे. फार तर यंत्रवाल्याच्या आलेखावर. तरी वसाहतींची चित्रं छापून येतात, काचेच्या घुमटात झाडं वगैरे. मला तुमच्याकडून ऐकायचंय: पाणी, वीज, धूळ, कायदा, ज्याला ज्यातलं कळतं त्याने लिहा.

चिंचेचा_कोळ, रात्री १०:०५

वाखुसा (वाचनखूण साठवली)! आबा, तुमची तूर डोळ्यांसमोर आली.

एक बाळबोध शंका. तिथे हवाच नाही म्हणता, मग बर्फ उडून जायला हवा ना? आमच्या फ्रीजरमधला बर्फसुद्धा महिनाभरात आक्रसतो.

खडकवासी, रात्री १०:२१

शंका अजिबात बाळबोध नाही. उन्हात असता तर कधीच उडाला असता. पण पृथ्वीचा आस साडेतेवीस अंश कललेला आहे, चंद्राचा जेमतेम दीड अंश. त्यामुळे ध्रुवावर सूर्य कायम क्षितिजाला घासून फिरतो आणि खोल विवरांच्या तळाशी ऊन कधी म्हणजे कधीच पोचत नाही, कोट्यवधी वर्षांत नाही. उत्तर ध्रुवाजवळच्या हर्माइट विवरात उणे २४७ अंश सेल्सिअसच्या आसपास तापमान मोजलंय. इतक्या थंडीत बर्फ दगडासारखा बसून राहतो, एक रेणू हलत नाही.

आणि तुमच्या फ्रीजरचं निरीक्षण हाच पाणी काढायचा उपाय आहे. तिथे बर्फ वितळवून बादलीत घेता येत नाही, निर्वातात त्याची थेट वाफ होते. माती झाकणाखाली तापवायची, वाफ गार पत्र्यावर धरायची, पुन्हा बर्फ खरवडायचा. हे तंत्र शास्त्रज्ञांआधी आमच्याकडच्या हातभट्टीवाल्यांना समजेल.

हिशेबही करून पाहिला. कॅबियसचा आकडा खरा धरला तर एक टन मातीत ५६ किलो पाणी. रॉकेटच्या इंधनासाठी दहा टन पाणी हवं असेल तर सुमारे १८० टन माती. म्हणजे दहा हायवा. ऐकायला काहीच नाही, आमच्या गावातून रात्रीत याच्या दुप्पट वाळू जाते. पण हे दहा हायवा मिट्ट काळोखात भरायचे, जिथे ग्रीस दगड होतं आणि साधं पोलाद काचेसारखं तडकतं.

नाठाळ, रात्री १०:३३

छान. आता मुद्द्याचं बोलू या? मराठवाड्यात दर उन्हाळ्यात टँकर लागतात आणि आपण चंद्रावरच्या बर्फाचे हिशेब मांडतोय. आधी घरचं बघा.

इलेक्ट्रॉन_हलवा, रात्री १०:४०

आला! चंद्राच्या धाग्यावर हा प्रतिसाद किती मिनिटांत येतो यावर आमची पैज होती. ५१ मिनिटं. मी हरलो.

खडकवासी, रात्री १०:५८

हसू नका, त्यांचा प्रश्न मी स्वतः गावोगावी ऐकलाय. नाठाळराव, टँकर लागतो तो चंद्रयानामुळे नाही. २०१३ च्या मे महिन्यात जालन्यात मी ज्या गावात होतो तिथे पाणी नव्हतं, पण शिवारात ऊस उभा होता. चंद्रयान-३ चा सगळा खर्च सुमारे ६१५ कोटी. तो वाचवून ते गाव ओलं झालं नसतं, ऊस कमी लावून झालं असतं. यावर वेगळा धागा काढा, मी पदरचे आकडे घेऊन येतो. इथे चंद्रच राहू दे.

नाठाळ, रात्री ११:०२

ऊस लावणाऱ्यांत आमचे काकापण आहेत. गप्प बसतो. पण वाचतोय.

इलेक्ट्रॉन_हलवा, रात्री ११:२७

मी सौर प्रकल्पात काम करतो, त्यामुळे विजेचं मी लिहितो. माझ्या मते पाण्यापेक्षा रात्र अवघड आहे.

चंद्राची एक रात्र म्हणजे आपले चौदा दिवस, साधारण ३५४ तास. चार माणसांच्या छोट्या तळाला हवा, उष्णता, पंप, दिवे मिळून दहा किलोवॉट धरू (हा आकडा माझा, कंजूष आहे). रात्रभरासाठी ३५४० युनिट साठवायला लागतील. चांगली लिथियम बॅटरी किलोमागे २०० वॉट-तास देते असं धरलं तर बॅटरीचंच वजन १८ टनांच्या आसपास जातं. आपला विक्रम लँडर रोव्हर आणि इंधनासकट पावणेदोन टनांचा होता. म्हणजे बॅटरी पोचवायलाच दहा विक्रम लागले. आणि विक्रमचं निम्म्याहून जास्त वजन इंधनाचं होतं हे मी सोयीस्कर विसरतोय.

म्हणून सगळ्यांना दक्षिण ध्रुवच हवाय. नुसतं पाणी हे कारण नाही. शॅकल्टनच्या कडेवर आणि आसपासच्या धारेवर अशा जागा आहेत जिथे वर्षातला ऐंशी टक्क्यांहून जास्त काळ ऊन असतं. तिथे चौदा दिवसांची रात्र तुटक तुटक होते. डोंगरमाथ्यावर ऊन, दरीत बर्फ, दोन्ही काही किलोमीटरच्या आत. पण अशा जागा हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या, आणि पॅनेल उभी लावावी लागतात, भिंतीसारखी, कारण सूर्य डोक्यावर येतच नाही. एकाने पॅनेल लावली की मागच्याच्या दारात सावली! आमच्या सोसायटीच्या गच्चीवर यावरून दोन कुटुंबं चार वर्षं बोलत नाहीत.

दुसरा मार्ग अणुभट्टी. नासाने २०१८ मध्ये नेवाडात एक छोटी भट्टी चालवून पाहिली होती, किलोवॉटच्या मापातली. शेवटी तिकडेच जावं लागेल असं मला वाटतं. विक्रम-प्रज्ञान २०२३ च्या सप्टेंबरात झोपवले, पुन्हा उठले नाहीत, आठवतंय ना? बॅटरी संपणं एक वेळ ठीक, पण थंडीने सोल्डरचे जोडच तडकतात.

रातकिडा, रात्री ११:४४

+१. विक्रम झोपला त्या रात्री आमच्या मुलीने पांघरूण घालायला सांगितलं होतं.

एक भर. चंद्रयान-३ चं चेस्ट हे उपकरण म्हणजे आबांच्या भाषेत १० सेंटीमीटरचा बोअर. त्यावर दहा तापमापक. वर रणरणतं ऊन आणि फक्त ८ सेंटीमीटर खाली उणे १०. एवढी ती माती उष्णतेला आडवते. २०२५ मध्ये त्याच मोजमापांवर लेख आला. लँडर सूर्याकडे कललेल्या सहा अंशांच्या उतारावर होता, तिथे दुपारी ८२ अंश. आणि मीटरभर अंतरावर सपाट जागी ५९ च्या आसपास! त्यावरून त्यांनी काढलेला निष्कर्ष मला फार आवडला: सूर्याकडे पाठ करून ध्रुवाकडे उतरणारा, चौदा अंशांपेक्षा तीव्र उतार असेल तर तिथे थोड्याच खोलीवर बर्फ टिकू शकतो. म्हणजे दरवेळी त्या अंधाऱ्या विहिरीत उतरायची गरज नाही.

खडकवासी, रात्री ११:५६

हे मला माहीत नव्हतं! फार फार आभार. आमच्याकडे डोंगराच्या उत्तरेच्या उतारावर शेवाळ आणि ओल जास्त टिकते, तोच न्याय. उद्या नातवाला सांगतो.

नाडीपरीक्षा, सकाळी ७:१५

सकाळी ओपीडीआधी वाचतेय. मला सगळ्यात भीती धुळीची वाटते.

दगडखाणीवर आणि खडी क्रशरवर काम केलेले लोक माझ्याकडे येतात. चाळिशीतला माणूस, एक जिना चढला की दम. छातीच्या एक्स-रेमध्ये बारीक गाठी. सिलिकोसिस. दगडाची ताजी फुटलेली भुकटी जुन्या धुळीपेक्षा जास्त घातक असते, कारण कडा धारदार आणि रसायनदृष्ट्या चाळवलेल्या. चंद्राची माती म्हणजे कायमची ताजी भुकटी. वारा नाही, पाणी नाही, कणांच्या कडा घासून गोल करणारं काही नाही. उल्का आदळून वितळलेली काच त्यात मिसळलेली. मांजाला लावतात ना काच, तशी. वरून सूर्याच्या किरणांनी तिला विद्युतभार येतो, त्यामुळे ती कपड्यांना चिकटते आणि झटकली तरी जात नाही.

अपोलो १७ चा हॅरिसन श्मिट स्वतः भूवैज्ञानिक. यानात परतून हेल्मेट काढलं तर नाक चोंदलं, शिंका. त्याने त्याला चंद्रावरची पराग-सर्दी म्हटलं होतं. वास जळलेल्या बारुदीसारखा, असं बरेच जण सांगून गेलेत. हे सगळे फार तर तीन दिवस राहिलेले लोक. तीन वर्षं राहिले तर? माझ्या पेशंटांनी क्रशरवर सात-आठ वर्षं काढलेली असतात.

दुसरं, किरणोत्सर्ग. चांग-ई ४ ने चंद्रावर मोजलेला डोस दिवसाला सुमारे १.३७ मिलिसिव्हर्ट, अंतराळ स्थानकापेक्षा अडीच पटींहून जास्त. किरणोत्सर्गाशी काम करणाऱ्यांसाठी वर्षाला सरासरी २० मिलिसिव्हर्टची मर्यादा सर्वसाधारणपणे धरतात. ती तिथे पंधरा दिवसांत भरते. म्हणजे चंद्राच्या एका दिवसात वर्षाचा कोटा संपला. काचेच्या घुमटातली झाडं विसरा. घरावर दोन-तीन मीटर माती लोटावी लागेल. चंद्रावर जाऊन माणूस तळघरात राहणार.

चिंचेचा_कोळ, सकाळी ७:५०

आई गं. म्हणजे चंद्रावर जाऊनही खिडकी नाही. आमची डोंबिवलीची खोली काय वाईट होती मग.

इलेक्ट्रॉन_हलवा, सकाळी ८:३०

धुळीवरून: विक्रम उतरताना त्याच्या इंजिनाने २.०६ टन माती उडवली, १०८ चौरस मीटरवर पसरली, असा इस्रोचाच आकडा आहे. एवढ्याशा लँडरने! आणि हवा नसल्यामुळे ते कण खाली बसत नाहीत, गोळीसारखे सुटतात. १९६९ मध्ये अपोलो १२ जुन्या सर्व्हेयर ३ यानापासून दीडशे-पावणेदोनशे मीटरवर उतरलं, तर सर्व्हेयरच्या अंगावर वाळूचा फवारा मारल्यासारख्या खुणा उमटल्या. ते तुकडे परत आणून तपासलेत. तेव्हा वसाहतीत पहिलं बांधकाम घर नसेल, उतरायचा ओटा असेल. माती तापवून, भाजून, फरशीसारखी घट्ट करून.

लोणारी_मीठ, सकाळी १०:१०

मी मूळचा लोणारचा, त्यामुळे तोंड उघडल्याशिवाय राहवत नाही. आपलं लोणारचं विवर उल्केने बेसॉल्टात पडलेलं, व्यास १.८ किलोमीटरच्या आसपास. बेसॉल्टात पडलेली आणि इतकी नीट टिकलेली विवरं पृथ्वीवर फारच थोडी. चंद्रावरचे काळे डागही बेसॉल्टचेच. म्हणून जगभरचे लोक आमच्याकडे येऊन दगड गोळा करतात, आघाताने काच झालेलं खनिज शोधतात. माझ्या आजोबांनी अशा एका गोऱ्या साहेबाला दोन दिवस जेवू घातलं होतं. मग सराव करायला, यंत्रं तपासायला लोणारची भुकटी का नाही वापरत? जिल्ह्याला रोजगार!

खडकवासी, सकाळी ११:०५

मीठराव, लोणार माझंही लाडकं. पावसाळ्यानंतर सकाळी कमळजा देवीच्या देवळापर्यंत उतरून पाहिलं नाही त्याने बुलढाणा पाहिला नाही. पण एक अडचण आहे. चंद्राचे काळे डाग बेसॉल्टचे खरे, पण दक्षिण ध्रुव डागात नाही, तो उजळ, उंच भागात येतो. तिथला खडक अ‍ॅनॉर्थोसाइट, फिकट रंगाचा. आपल्या सह्याद्रीत तो मिळत नाही. इस्रोने चंद्रयान-२ च्या सरावासाठी तमिळनाडूत सेलमजवळच्या सित्तमपुंडीचा खडक आणून दळला आणि त्या नकली मातीचं पेटंटही घेतलं. म्हणजे ध्रुवासाठी सित्तमपुंडी, डागांवर उतरायचं असेल तर लोणार. वाटून घेऊ.

आणि रोजगाराचं म्हणाल तर त्या दगडांना हात लावायला बंदी आहे, ती राहू दे. अभयारण्य आहे ते.

बांधावरून, दुपारी १:२०

जेवणाच्या सुट्टीत. शेतीचं कोणीच लिहिलं नाही, म्हणून.

२०२२ मध्ये फ्लोरिडा विद्यापीठाने अपोलोच्या खऱ्या मातीत बी पेरलं. अपोलो ११, १२ आणि १७ ची माती, एका रोपाला एक ग्रॅम! मोहरीच्या जातकुळीतलं अ‍ॅराबिडॉप्सिस. सगळं उगवलं. पण पुढे रोपं खुरटली, मुळं आखडली, काही जांभळट पडली, खारवट जमिनीतल्या रोपासारखी ताणात. आणि जी माती चंद्राच्या पृष्ठभागावर जास्त काळ उघडी राहिलेली, तिच्यात हाल जास्त.

याचं नवल वाटलं नाही. माती म्हणजे दळलेला दगड नव्हे. तिच्यात सेंद्रिय काही नाही, जिवाणू नाहीत, नत्र नाही. क्रशरच्या भुकटीत कपाशी लावून बघा. कपाशीवरून आठवलं, चीनने २०१९ मध्ये चांग-ई ४ बरोबर डब्यात कपाशीचं बी नेलं होतं. उगवलं! चंद्रावर उगवलेलं पहिलं पान कपाशीचं. रात्र झाली, थंडीने मेलं. विदर्भातल्या माणसाला यावर जास्त बोलायची गरज नाही.

माझं मत: तिथे मातीच्या नादी लागूच नये. पाण्यावरची शेती करावी, नळीत. पाणी परत परत वापरायचं. अंतराळ स्थानकात आता ९८ टक्के पाणी परत मिळवतात, घाम आणि लघवी धरून. ठिबकवाल्यांनी शिकण्यासारखं आहे.

कलम_बहाद्दर, दुपारी ३:४५

वकील आहे, उशिरा आलो. आधी एक किस्सा. माझ्या मेहुण्याने लग्नाच्या वाढदिवसाला बायकोला चंद्रावरची एक एकर भेट दिली. चकचकीत प्रमाणपत्र, नकाशा, ‘दस्त क्रमांक’. ऑनलाइन कुठूनतरी. मला म्हणाला, सातबारा कधी होईल? मी म्हटलं, तलाठी सापडला की.

१९६७ च्या बाह्य अवकाश कराराचं दुसरं कलम स्पष्ट आहे: चंद्रावर कोणताही देश सार्वभौमत्व सांगू शकत नाही. देशालाच मालकी नाही तर तो खाजगी माणसाला कसली देणार? मूळ मालकाशिवाय खरेदीखत होत नाही, हे आपल्याकडचा शेंबडा पोरगाही सांगेल.

पण खरी मेख पुढे आहे. जमीन कोणाची नाही, ठीक. जमिनीतून काढलेलं पाणी कोणाचं? त्यावर करार गप्प. अमेरिकेने २०१५ मध्ये कायदा करून सांगितलं, आमच्या नागरिकाने काढलं ते त्याचं. मग लक्झेंबर्ग, संयुक्त अरब अमिराती, जपान यांनीही कायदे केले. समुद्रातल्या माशासारखं: समुद्र कोणाचा नाही, जाळ्यात आलेला मासा कोळ्याचा. याउलट १९७९ च्या चंद्र करारात ही संपत्ती अखिल मानवजातीची म्हटलंय. भारताने तो १९८२ मध्ये सही करून ठेवलाय, पुढे मंजूर केलेला नाही. आणि २१ जून २०२३ ला आपण अमेरिकेच्या आर्टेमिस करारावर सही केली, ज्यात संसाधनं काढणं म्हणजे मालकी सांगणं नव्हे असं म्हटलंय. दोन्ही दगडांवर पाय. मला ते चूक वाटत नाही, आपण अजून खरेदीदार आहोत की विक्रेते हे ठरायचंय.

गंमत बघा, २०२० मध्ये नासाने चंद्राची माती विकत घ्यायचे करार केले. एका कंपनीची बोली होती एक डॉलर. फक्त एक. माती महत्त्वाची नव्हती, ‘विक्री झाली’ हा पायंडा महत्त्वाचा होता. 

आता इलेक्ट्रॉनरावांच्या गच्चीच्या भांडणाकडे या. आर्टेमिस करारात ‘सुरक्षा क्षेत्र’ आहे: माझं यंत्र चालू आहे, तुझ्या धुळीने बिघडेल, लांब राहा. तसं ते वाजवी. पण उन्हाची धार मोजकी, बर्फाची विवरं मोजकी, आणि आधी येणाऱ्याने भोवती क्षेत्र आखलं तर मालकी न सांगताही वहिवाट झालीच की! चीन-रशियाचा तळाचा बेत वेगळा, तेही दक्षिण ध्रुवाकडेच बघतायत आणि या करारात नाहीत. वहिवाटीचे दावे किती पिढ्या चालतात हे मला विचारा, माझं घर त्यावर चालतं.

नाठाळ, दुपारी ४:०२

मेव्हण्याला सांगा, एकर विकायची असेल तर मी घेतो. ऊस लावीन.

रातकिडा, दुपारी ४:३०

हेलियम-३ राहिलं, चंद्राच्या मातीतला तो दुर्मिळ वायू. व्हॉट्सअ‍ॅपवर दर महिन्याला फिरतं, ‘एक ट्रक हेलियमवर भारताची वर्षभराची वीज’.

इलेक्ट्रॉन_हलवा, संध्याकाळी ५:१०

थोडक्यात संपवतो. मातीत प्रमाण अब्जात दहा-वीस भाग, तेही चांगल्या जागी. दहा धरले तर एक किलो हेलियम-३ साठी एक लाख टन माती तापवायची. आणि ते जाळणारी भट्टी? साधं अणुसंमीलन (अणू जोडून वीज काढणं) अजून विजेच्या तारेपर्यंत आलेलं नाही, हेलियम-३ ला त्याहून कितीतरी जास्त तापमान लागतं. अतिशीत यंत्रांसाठी, क्वांटम संगणक गार ठेवायला, थोडं थोडं विकलं जाईल कदाचित. विजेचं स्वप्न बाजूला ठेवा.

मला ऑक्सिजन जास्त खरा वाटतो. ध्रुव नको, बर्फ नको, चंद्रावरची कुठलीही माती घ्या, वजनाने ४० ते ४५ टक्के ऑक्सिजनच आहे, खनिजांत बांधलेला. सोळाशे अंशांच्या आसपास वितळवून वीज सोडली की सुटतो, खाली लोखंड-सिलिकॉनचा रस उरतो. वीज भरमसाट लागते, हे खरं. पण रॉकेटच्या इंधनात वजनाचा मोठा वाटा ऑक्सिजनचाच असतो. तो तिथे मिळाला तरी पृथ्वीवरून न्यायचं ओझं बरंच हलकं होतं.

नाडीपरीक्षा, संध्याकाळी ६:२५

आबा, मग पहिला बोअर कोण मारणार? मार्च २०२५ मध्ये एक अमेरिकी खाजगी लँडर ड्रिल घेऊन दक्षिण ध्रुवाकडे गेला होता ना?

खडकवासी, रात्री ८:५०

गेला होता. अथेना. आडवा पडला. गाडी वावरात येता येता उलटल्यावर जे होतं ते. ड्रिलचा दांडा बाहेर काढून, हलवून दाखवला म्हणे, पण खाली जमीन नव्हती.

आता नंबर असे आहेत: चीनची चांग-ई ७, २०२६ साठी ठरलेली, दक्षिण ध्रुवावर, सोबत उडी मारून अंधाऱ्या विवरात जाणारं छोटं यान. नासाचा व्हायपर रोव्हर, मीटरभराचं ड्रिल घेतलेला. २०२४ मध्ये तयार झालेला असताना रद्द केला, मग पुढच्या वर्षी पुन्हा उभा केला, २०२७ धरलंय. आणि आपलं जपानबरोबरचं चंद्रयान-५, लँडर आपला, रोव्हर त्यांचा, तोही ध्रुवावर पाणीच शोधायला. त्याआधी चंद्रयान-४, माती परत आणायला, २१०४ कोटींची मंजुरी २०२४ मध्ये मिळालीय. २०४० पर्यंत भारतीय माणूस चंद्रावर, असं सरकारने सांगितलंय. मी तेव्हा असेन की नाही, नातू असेल.

माझा अंदाज विचाराल तर पहिल्या तीन-चार बोअरांपैकी दोन कोरडे जातील. त्यावर पेपरात छापून येईल की चंद्रावर पाणी नाही. तेव्हा कृपया हा धागा वर काढा. एका तालुक्यात किमान पन्नास बोअरांची नोंद हातात आल्याशिवाय मी कधी कुठल्या गावाला ‘इथे पाणी नाही’ म्हटलेलं नाही. चंद्राच्या ध्रुवावर तर एकही नोंद नाही.

बांधावरून, रात्री ९:१५

आबा, अवांतर आहे, पण राहवत नाही. देऊळगाव राजाच्या बाजूला साडेतीन एकर आहे. मागच्या वर्षी ३२० फूट मारला, फुफाटाच. यंदा दुसरा पॉइंट बघायचाय. गावातला पाणाडी विहिरीच्या वरच्या अंगाला सांगतोय. काय करू?

खडकवासी, रात्री ९:२८

आजूबाजूच्या विहिरींची खोली, कुठल्या थराला पाणी लागलं आणि मधे तांबडा गेरूचा थर आहे का ते लिहून व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा. गाडीला आगाऊ पैसे देऊ नका. नारळ ठेवा, पुढे चटणीला होईल.